शैलचित्रांचे अभ्यासक डॉ. वि. श्री. वाकणकर

धार, देवास, इंदूर आणि उज्जैन या माळव्यातील नगरांशी मराठी समाजाचा संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. पवार, होळकर व शिंदे या घराण्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे तेथे गेली आणि कालांतराने तेथलीच झाली. या मंडळींनी राज्यकारभारात कोणती कामगिरी केली, हे इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळते. परंतु त्यांच्यापैकी काहींनी माळव्याच्या भूमीचा, तिच्यातील लेखांचा, चित्रांचा व डोंगरकपारींचा जो अभ्यास केला, त्याची माहिती महाराष्ट्रात फारशी नाही. या अभ्यासपरंपरेतील सर्वांत मोठे नाव म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर हे होय.

भीमबेटका येथील प्रागैतिहासिक चित्रे जगापुढे आणणारे संशोधक म्हणून वाकणकरांचे नाव सर्वज्ञात आहे. तथापि त्यांच्या कार्याचा खरा बोध केवळ एका शोधात नाही. एखादी प्राचीन वस्तू दृष्टीस पडणे निराळे आणि तिचे ज्ञान होणे निराळे. दृष्टीस पडलेल्या वस्तूची पद्धतशीर नोंद झाली, तरच ती पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडते. ही गोष्ट वाकणकरांच्या जीवनातून जितकी स्पष्ट होते, तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल. ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या तिघांनाही हा धडा उपयोगी असल्यामुळे त्याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

शैलचित्रे म्हणजे काय?

डोंगरातील नैसर्गिक कपारी, गुहा अथवा पुढे झुकलेल्या खडकाखालील आसरे यांना शास्त्रीय भाषेत शैलाश्रय म्हणतात. अशा ठिकाणी आदिमानव ऊन, पाऊस व हिंस्र पशू यांपासून संरक्षण मिळवीत असे. तेथील भिंतींवर व छतांवर त्याने जी चित्रे काढली, ती शैलचित्रे होत. ज्या ठिकाणी रंग न वापरता खडकावर खोदून आकृती काढलेल्या असतात, त्यांना खोदचित्रे अथवा शैलोत्कीर्णे असे म्हणतात.

मध्य भारतातील विंध्य पर्वताचा वालुकाश्म अशा आसऱ्यांसाठी फार सोयीचा आहे. वारा व पाणी यांच्यामुळे या खडकाची झीज होऊन खोल कपारी तयार होतात. रंगासाठी तेथील माणसाने आसपासच्या खनिजांचाच उपयोग केला. तांबडा रंग गेरूपासून, म्हणजे लोहयुक्त खनिजापासून मिळे. पांढऱ्यासाठी चुनखडीसारखे पदार्थ वापरीत. हिरवा रंगही खनिजापासूनच केलेला आहे. हे खनिज रंग वनस्पतीच्या रंगांप्रमाणे लवकर उडून जात नाहीत, आणि खडकाच्या झुकत्या कडेमुळे पावसाचे पाणी थेट चित्रावर पडत नाही. म्हणूनच ही चित्रे हजारो वर्षे टिकून राहिली आहेत.

या चित्रांचे महत्त्व केवळ कलेच्या दृष्टीने नाही. लेखनाचा शोध लागण्यापूर्वी माणूस कोणत्या प्राण्यांची शिकार करी, कोणती हत्यारे वापरी, नाचत कसा असे, मध कसा गोळा करी, हे सांगणारा दुसरा इतका बोलका पुरावा नाही. हाडे व दगडी हत्यारे माणूस कसा जगला ते सांगतात. आपल्या भोवतीचे जग त्याला कसे दिसले, हे मात्र चित्रांवरूनच कळते.

नोंदीअभावी विसरलेला शोध

भारतातील शैलचित्रांच्या संशोधनाचा आरंभ एका दुर्दैवी घटनेने झाला आहे. पुरातत्त्व खात्यातील आर्चिबाल्ड कार्लाइल या अधिकाऱ्यास १८६७-६८ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातील सोहागीघाट येथे शैलाश्रयांत चित्रे आढळली. त्याच कपारींत त्याला गारगोटीसारख्या दगडांची अगदी लहान हत्यारे सापडली. ही हत्यारे वापरणाऱ्या प्राचीन लोकांनीच चित्रे काढली असावीत, असा तर्कही त्याने केला.

या शोधानंतर सुमारे अकरा वर्षांनी, १८७९ मध्ये, स्पेनमधील आल्तामिरा येथील गुहाचित्रांकडे साउतुओला या गृहस्थाचे लक्ष गेले. त्याने दुसऱ्याच वर्षी त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. विद्वानांनी प्रथम त्याची टवाळी केली आणि आपले म्हणणे खरे ठरलेले पाहण्यापूर्वीच, १८८८ मध्ये, तो मरण पावला. परंतु त्याची पुस्तिका मागे राहिली होती. १९०२ मध्ये विद्वानांना आपले मत बदलावे लागले व आल्तामिराचे नाव जगभर झाले.

कार्लाइलने मात्र आपली टिपणे प्रसिद्ध केली नाहीत. ती एका स्नेह्याकडे पडून राहिली आणि १९०६ मध्ये त्यांतील काही भाग दुसऱ्याच विद्वानाने छापला. तोपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. ज्या देशात हा शोध सर्वांत आधी लागला, त्या देशाचे नाव त्या विषयाच्या इतिहासात मागे पडले. याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हते. वेळेवर व व्यवस्थित नोंद लोकांपुढे आली नाही, एवढेच ते कारण होते.

धार जिल्ह्यातील दोन उदाहरणे

याच्या उलट, नोंद झाल्यामुळे काय साध्य होते याची दोन चांगली उदाहरणे धार जिल्ह्यातच आढळतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानात काशिनाथ कृष्ण लेले हे शिक्षण खात्याचे प्रमुख होते. शाळांचा कारभार सांभाळून ते जुन्या लेखांचा शोध घेत. १९०३ च्या सुमारास धार शहरात एक मोठी कोरीव शिळा उजेडात आली. तिच्यावर परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळातील मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ ही संस्कृत नाटिका कोरलेली आहे. लेले यांनी लेखाचे महत्त्व ओळखले. पुढे हुल्ट्श या जर्मन पंडिताने ती नाटिका संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केली. चार अंकांपैकी पहिले दोनच अंक या शिळेवर आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा मिळाली नाही, म्हणून तेवढे काव्य आज जगात नाही. एका नोंदलेल्या शिळेने अर्धे नाटक वाचविले आणि एका हरवलेल्या शिळेबरोबर अर्धे गेले. लेले यांनी पुढे १९०८ मध्ये लुअर्ड यांच्या सहकार्याने धार व माळव्याच्या परमारांचा इतिहासही लिहिला.

दुसरे उदाहरण बाघ लेण्यांचे आहे. आज धार जिल्ह्यात असलेली ही बौद्ध लेणी त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात मोडत. तेथील भित्तिचित्रे अजिंठ्याच्या तोडीची आहेत. परंतु खडक ठिसूळ असल्यामुळे आणि ओल झिरपत असल्यामुळे ती झपाट्याने नष्ट होत होती. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकारांनी तेथे जाऊन चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि १९२७ मध्ये या लेण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बहुतेक चित्रे भिंतीवरून अलग करून संरक्षणासाठी हलवावी लागली. मूळ भिंतीवर ही चित्रे कशी दिसत होती, हे आज समजून घ्यावयाचे तर या प्रतिकृतींकडेच जावे लागते.

लेले हे शिक्षणाधिकारी होते आणि बोस व हालदार हे चित्रकार होते. या दोन वृत्ती, म्हणजे शिक्षकाची चिकाटी आणि चित्रकाराचा डोळा, पुढे वाकणकरांच्या ठिकाणी एकत्र आल्या.

जीवनाची रूपरेषा

विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी माळव्याच्या उत्तर सीमेवरील नीमच येथे झाला. लहानपणापासून त्यांना चित्रकला व इतिहास या दोन्ही विषयांची ओढ होती. पुढे उज्जैन ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे त्यांनी भारती कलाभवन ही संस्था उभारून चित्रकला शिकविली आणि विक्रम विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयाची व उत्खननाची धुरा अनेक वर्षे सांभाळली.

१९५० नंतरच्या दशकात नर्मदेकाठी महेश्वर व नावडातोली येथे मोठी उत्खनने झाली. पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे विद्यापीठ यांचा त्यांत पुढाकार होता आणि डॉ. ह. धी. सांकळिया हे त्यांचे प्रमुख सूत्रधार होते. वाकणकरांनी या कामात भाग घेतला. जमिनीचे थर कसे ओळखावेत, खापराचा लहानसा तुकडा कोणत्या थरात मिळाला याची नोंद का ठेवावी, ही शिस्त अशा उत्खननांतच अंगी बाणते. पुढे इंद्रगड, मनोटी, आवरा, कायथा, मंदसोर, आझादनगर, दंगवाडा व रुणिजा अशा अनेक स्थळांशी त्यांच्या उत्खननकार्याचा संबंध आला.

१९६१ ते १९६३ या काळात ते युरोपात होते. इंग्लंडमधील उत्खननात त्यांनी भाग घेतला आणि फ्रान्समधील प्रागैतिहासिक कलेचा अभ्यास केला. भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील त्यांचा प्रबंध १९७३ मध्ये पुणे विद्यापीठास सादर झाला. रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला भारतातील अश्मयुगीन चित्रांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारती या कलाविषयक संघटनेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९८५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, लुप्त सरस्वतीच्या पात्राचा मागोवा घेण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह हरियाणातील आदिबद्रीपासून गुजरातकडे दीर्घ शोधयात्रा केली. एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

या सर्व काळात शैलचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे त्यांचे काम अखंड चालू होते. चंबळ व नर्मदा यांची खोरी त्यांनी पायी पालथी घातली. देशभरातील सुमारे चार हजार शैलचित्रांची त्यांनी नोंद व अभ्यास केल्याचे सांगितले जाते.

भीमबेटका

भोपाळच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या टेकड्यांची एक रांग आहे. भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरून या टेकड्यांचे उंच खडक दिसतात. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना वाकणकरांचे लक्ष या खडकांनी वेधून घेतले, आणि पुढे ते पायी जंगल तुडवीत तेथे पोहोचले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे ठिकाण स्थानिक लोकांना अज्ञात नव्हते. भीमाची बैठक म्हणून ते त्यांच्या तोंडी होते. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये, आसपासच्या आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून, त्याचा उल्लेख एक बौद्ध स्थळ म्हणून केलेला होता. म्हणजे हे नाव छापील कागदावर येऊनही जवळजवळ सत्तर वर्षे तेथील चित्रांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या लोहमार्गावरून दररोज शेकडो प्रवासी जात होते. अशा खडकांत कपारी असाव्यात आणि कपारींत चित्रे असावीत, हे अनुमान करण्यास चंबळखोऱ्यात तयार झालेली नजर लागते. आगगाडी केवळ निमित्तमात्र होती.

भीमबेटका व लगतच्या टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत, आणि त्यांपैकी चारशेहून अधिक आश्रयांत चित्रे आहेत. गवा, हरिण, वाघ, हत्ती, गेंडा, रानडुक्कर असे प्राणी, धनुष्यबाण घेतलेले शिकारी, हातात हात गुंफून नाचणारे स्त्रीपुरुष, मध काढणारी माणसे असे विषय त्यांत आढळतात. एकाच खडकावर जुन्या चित्रांवर नवी चित्रे, त्यांवर आणखी नवी, असे अनेक थर दिसतात. काही चित्रांत घोड्यांवर बसलेले व तलवारी घेतलेले योद्धे आहेत. ही चित्रे अर्थातच ऐतिहासिक काळातील आहेत. याचा अर्थ असा की, या कपारींत चित्रे काढण्याची परंपरा हजारो वर्षे चालू राहिली.

१९७२ पासून वाकणकरांनी आणि १९७३ पासून डेक्कन कॉलेजचे डॉ. वि. ना. मिश्र यांनी येथे उत्खनन केले. पुराश्मयुगातील दगडी कुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातील सूक्ष्म हत्यारांपर्यंत आणि तेथून ऐतिहासिक काळापर्यंत मानवी वस्तीचे थर एकाखाली एक मिळाले. पुढे डॉ. यशोधर मठपाल यांनी येथील चित्रांच्या जलरंगांतील प्रतिकृती करून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटक्याचा जागतिक वारशात समावेश केला. हे स्थळ ज्या रातापाणीच्या अरण्यात आहे, त्याला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्यास वाकणकरांचे नाव देण्याचे जाहीर झाले.

कायथा: मातीतील पुरावा

भिंतीवरील चित्राला तारीख नसते. त्याचा काळ ठरविण्यासाठी जमिनीतील पुराव्याचा आधार घ्यावा लागतो. या दृष्टीने वाकणकरांचे कायथा येथील काम फार महत्त्वाचे आहे.

कायथा हे गाव उज्जैनच्या पूर्वेस व देवासच्या उत्तरेस, छोटी काली सिंध नदीच्या काठी आहे. प्रसिद्ध ज्योतिर्विद वराहमिहिर याने उल्लेखिलेले कापित्थक ते हेच, असे अनेक विद्वान मानतात. वाकणकरांनी येथील पांढरीचे टेकाड शोधून काढले आणि १९६५-६६ मध्ये विक्रम विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले. त्यानंतर १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही तेथे खोदकाम केले.

सर्वांत खालच्या थरांत एक पूर्वी अज्ञात असलेली संस्कृती आढळली. तिला आता कायथा संस्कृती असेच नाव मिळाले आहे. तिचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी २४०० ते २००० असा मानतात. चाकावर घडविलेली, गडद तपकिरी लेपाची व जांभळट रंगात नक्षी काढलेली भांडी हे तिचे वैशिष्ट्य होय. त्याशिवाय साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या, अकीक इत्यादी दगडांच्या मण्यांच्या माळा आणि एका भांड्यात संगजिऱ्याचे सुमारे ४०,००० बारीक मणी मिळाले. सिंधू संस्कृती भरभराटीस होती त्या काळात माळव्यातही कसबी कारागिरांची गावे होती, हे यावरून सिद्ध झाले.

या शोधाचा शैलचित्रांशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. तो संबंध असा आहे. माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवर प्राण्यांच्या व भौमितिक नक्षीच्या आकृती असतात. तशाच धाटणीच्या आकृती काही शैलाश्रयांतही दिसतात. भांडे कोणत्या थरातील आहे हे ठाऊक असल्याने, त्याच्याशी जुळणारे चित्रही साधारण त्याच काळातील असावे, असे अनुमान करता येते. डोंगरातील शिकारी आणि नदीकाठचे शेतकरी यांचा परस्परांशी संबंध होता, असेही त्यावरून म्हणता येते. जो चित्रकार खापरे ओळखतो आणि जो उत्खनक चित्र काढू शकतो, त्यालाच हा दुवा सहज दिसतो.

मत व नोंद

वाकणकरांची सर्वच मते आज विद्वानांना मान्य आहेत असे नाही, आणि विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने समजून घेतली पाहिजे. भीमबेटक्यातील हिरव्या रंगाची, चैतन्याने भरलेली नर्तकांची चित्रे उच्च पुराश्मयुगातील आहेत, असे त्यांचे मत होते. भारतातील चित्रांचा आरंभ सुमारे ४०,००० वर्षांपर्यंत मागे नेता येईल, असे ते म्हणत. इतर अनेक अभ्यासक बहुसंख्य चित्रे मध्याश्मयुगातील, म्हणजे गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतील मानतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही, कारण खनिज रंगाचे वय थेट मोजणे अतिशय कठीण आहे.

परंतु हा वाद चालू शकतो, हेच वाकणकरांच्या कार्याचे यश आहे. कोणत्या खडकावर कोणत्या चित्रावर कोणते चित्र आले आहे, रंग कोणता आहे, आकृती कशी आहे, याची नोंद समोर असल्यामुळेच त्यांच्याशी मतभेद व्यक्त करता येतो. मत काळानुसार बदलते, पण प्रामाणिक नोंद टिकते. आपल्या मताविरुद्ध जाऊ शकेल असा पुरावाही जो जपून ठेवतो, त्यालाच संशोधक म्हणावे.

देवासचेच आणखी एक उदाहरण येथे आठवते. १९४८ पासून देवास येथे राहिलेले पंडित कुमार गंधर्व यांनी माळव्यातील लोकगीतांच्या धुना गावोगावच्या लोकांकडून ऐकून टिपून घेतल्या. क्षेत्र निराळे असले तरी वृत्ती एकच होती. लोकांजवळ जे आहे ते आदराने पाहावे अथवा ऐकावे, आणि ते जसेच्या तसे टिपून ठेवावे.

आपल्या गावात काय करता येईल?

असा वारसा दूरदेशीच असतो असे समजू नये. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवरील कातळशिल्पे गुराख्यांना व शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्यांची नोंद केली, तेव्हा २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, कुडोपी आदी स्थळांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. गोव्यातील कुशावती नदीकाठची उसगाळीमळ येथील खोदचित्रे १९९३ मध्ये ग्रामस्थांनी दिलेल्या माहितीमुळेच अभ्यासकांपर्यंत पोहोचली. सातपुड्यात अमरावती व बैतूल यांच्या सीमेवर धारूळजवळ २००७ नंतर चित्रित शैलाश्रय उजेडात आले. अजून कित्येक स्थळे नोंदीविना असतील.

हजारो वर्षे टिकलेले चित्र एका दिवसात नष्ट होऊ शकते. रंग उठून दिसावा म्हणून पाणी मारणे ही सर्वांत सामान्य व घातक चूक होय, कारण त्यामुळे खडकातील क्षार पृष्ठभागावर येऊन चित्रावर पांढरा थर धरतो. कपारीत चूल पेटविणे, कोळशाने किंवा दगडाने नावे लिहिणे, हात फिरविणे, देवस्थान मानून चुना अथवा तेलरंग फासणे, यांमुळेही कायमचे नुकसान होते. श्रद्धेला बाधा न आणता हे समजावून सांगता येते. देवाची जागा स्वच्छ ठेवावी, पण तिच्या भिंती आहेत तशाच राहू द्याव्यात.

ग्रामस्थांनी असे स्थळ आढळल्यास तेथील काहीही हलवू नये आणि ग्रामपंचायतीस, तलाठ्यास अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती उकरताना खापरे, मणी, नाणी किंवा हाडे निघाल्यास काम थांबवावे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

शिक्षकांनी आपल्या गावाची वारसा नोंदवही तयार करवून घ्यावी. वहीत स्थळाचे स्थानिक नाव, गट क्रमांक, वाट, दिशा, लांबीरुंदी, रंग, भेटीची तारीख आणि त्याविषयी सांगितली जाणारी कथा लिहावी. कथा खरी की खोटी, हा निवाडा त्या वेळी करू नये. कथेमुळेच स्थळ टिकलेले असते. मुलांनी स्पर्श न करता रेखाटन करावे आणि छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी धरावी. आज मोबाइलमुळे अक्षांश व रेखांशही मिळतात. मात्र संरक्षणाची व्यवस्था होण्यापूर्वी नेमके ठिकाण सर्वत्र पसरवू नये. कपारींत आग्यामोहोळ व सापांचा धोका असतो, म्हणून मुलांना जाणत्या माणसांशिवाय नेऊ नये.

अधिकाऱ्यांनी खाण, रस्ता अथवा तलाव यांना मंजुरी देण्यापूर्वी अशा नोंदवह्या पाहाव्यात. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी आवश्यक आहे. अशा स्मारकाची नासधूस करणाऱ्यास २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु संरक्षणाच्या यादीत यावयाचे तर स्थळ प्रथम कोणाच्या तरी दप्तरी असावे लागते. ज्याची नोंदच नाही, त्याचे रक्षण कायदाही करू शकत नाही.

समारोप

वाकणकरांजवळ प्रारंभी मोठी साधने नव्हती. कागद, पेन्सिल, रंग, चालण्याची तयारी आणि गावकऱ्यांशी बोलण्याची सवय, एवढ्या बळावर त्यांनी कामास सुरुवात केली. ही साधने आज प्रत्येक शाळेत आहेत. आपल्या संविधानाने देशाच्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते पार पाडण्यासाठी प्रत्येकाला भीमबेटका सापडण्याची आवश्यकता नाही. आपल्या शिवारातील एखादा वीरगळ, एखादी जुनी विहीर, एखाद्या कपारीतील पुसट तांबडी रेघ यांची तारखेसह केलेली नोंद पुरेशी आहे. कार्लाइलची टिपणे चाळीस वर्षे पडून राहिली, तसे आपल्या गावाच्या बाबतीत घडू नये, यासाठी एका वहीपासून आरंभ करावा.